चेकिंगबाई

बाई आल्या, असं स्टेजच्या मागून कुणीतरी कुजबुजलं की आमच्या ऑर्केस्ट्रातली नऊच्या नऊ माणसं सावरून बसायची. रफिकभाई ढोलकीची दोरी उगाच ओढून बघायचा. गायिका पाण्याचा घोट घ्यायची. आणि मी हातातला कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागायचो, कारण बाईंचा रोख माझ्यावर असायचा. मी निवेदक. गाण्याआधी गीतकाराचं, गायकाचं आणि चाल बांधणाऱ्याचं नाव सांगायचं, हे माझं काम. या एवढ्याशा कामापायी मी जेवढा घाबरलो, तेवढा बारावीच्या निकालालाही घाबरलो नव्हतो.

घाबरावं असं बाईंच्या दिसण्यात काही नव्हतं. उंची पाच फुटांच्या आत, फिकी सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि पायात कंपनीतून मिळालेले काळे बूट. साडीवर बूट. पिंपरीच्या एका औषधांच्या कंपनीत त्यांनी उभी हयात बाटल्या तपासल्या. चार बाटल्या बोटांच्या बेचक्यात धरायच्या, दिव्यासमोर उलट्या करायच्या आणि आत कण, केस, काचेचा कपचा काही तरंगतोय का ते बघायचं. म्हणून सगळे त्यांना चेकिंगबाई म्हणायचे. रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली तरी तो हात काही सुधारला नाही. चहाचा ग्लास हातात आला की आधी उजेडाकडे धरायच्या, मग प्यायच्या. पाण्याची बाटली उलटी करायच्या. एकदा आमच्या गायिकेचं तान्हं बाळ त्यांनी असंच ट्यूबलाइटखाली उचलून डोळे बारीक करून निरखलं, तर ती बिचारी गाणं अर्धवट सोडून धावत आली.

आमचा ऑर्केस्ट्रा म्हणजे जयंतीला, विहाराच्या वर्धापनदिनाला, कुणाच्या हळदीला गाणी म्हणणारा. वडिलांनी काढलेला. मी दिवसा चाकणला एका कंपनीत क्वालिटीला असतो, रफिकभाईचं चिखलीत गॅरेज आहे. त्याच्याच गाळ्यात, ग्रीसच्या वासात, आमची रविवारची प्रॅक्टिस चालते.

माझा आणि बाईंचा पहिला सामना झाला तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. नवा कोट, नवा कागद. मी ऐटीत म्हणालो, "आता सादर होत आहे एक पाळणा. चाल, पारंपरिक."

"खोटं!"

आवाज दुसऱ्या रांगेतून आला. आठशे माणसांनी माना वळवल्या. बाई उभ्या राहिल्या होत्या.

"पारंपरिक म्हंजे काय रं? आपोआप उगवली का चाल? नाव घे."

"बाई, मला माहीत नाही..."

"माहीत न्हाई असं म्हण मग. पारंपरिक नगं म्हणू."

कागद हातातून सुटला आणि कीबोर्डवर पडला. मी माइकवर म्हणालो, "माहीत नाही," आणि लोक हसले. कार्यक्रम संपल्यावर बाई स्टेजमागे आल्या. मला वाटलं, आता दुसरा हप्ता. त्यांनी मला शेजारी बसवलं आणि घोगऱ्या आवाजात तो पाळणा अख्खा म्हणून दाखवला. म्हणाल्या, ही चाल दापोडीत भाजी विकणाऱ्या एका बाईची. ती जाऊन चाळीस वर्षं झाली. तिचं नाव त्यांनी माझ्याकडून पाच वेळा म्हणवून घेतलं.

अशा चौदा चाली त्यांच्या डोक्यात होत्या. एक बालवाडीच्या बाईंची, एक कँटीनमध्ये पोळ्या लाटणारीची, एक कुणा आंधळ्या आजीची. त्या बायका सगळ्या कधीच गेलेल्या. दापोडीपासून चाकणपर्यंत जितके म्हणून ऑर्केस्ट्रे आणि बँडवाले होते, त्या सगळ्यांच्या मागे बाई हात धुऊन लागलेल्या. दर कार्यक्रमात यातली एक तरी चाल वाजलीच पाहिजे, आणि नाव घेऊन वाजली पाहिजे.

"बाई, पब्लिकला नाचायला लागतं," एक मालक म्हणाला.

"मग नाचव की. बाईच्या चालीवर पाय उचलत न्हाईत का?"

भर वरातीत त्यांनी बँड थांबवलेला मी पाहिलाय. घोड्यावर नवरदेव, खाली वऱ्हाड, आणि बाई क्लॅरिनेटवाल्याला चाल शिकवतायत. देहूरोडला तर त्या लष्कराच्या गेटवर जाऊन उभ्या राहिल्या आणि बंदूकवाल्या जवानाला म्हणाल्या, तुमच्या बँडमास्तरला बाहेर बोलव. तासाभराने कुणीतरी बाहेर आलं, चाल ऐकून घेतली, "कळवतो" म्हणालं. बाई खुशीत परतल्या. पुढे पाच वर्षं मला सांगत होत्या, "कळवणार हायेत ते."

एकदा मला म्हणाल्या, "गाणं लिव्हणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात असतं. चाल बांधणारीला कडवं कुटं असतं?"



बाबा मात्र त्यांना फार मान द्यायचे. "बाईंना खुर्ची ठेव," हे त्यांचं प्रत्येक कार्यक्रमाचं पहिलं वाक्य. अर्धांगवायूचा झटका येऊन वाचा गेली, उजवी बाजू गेली, तरी व्हीलचेअरवरून डाव्या हाताने त्या खुर्चीकडे बोट दाखवायचे. मला वाटायचं, जुन्या कंपनीतल्या ओळखीचा मान. बाबा तिथेच टाइम ऑफिसात, म्हणजे कामगारांच्या हजेरीच्या खिडकीवर, क्लार्क होते.

एक गोष्ट आम्हा सगळ्यांच्या लक्षात आली होती. बाई कधीच वेळेवर येत नसत. आमचं पहिलं गाणं संपलं की मग मांडवात शिरायच्या. पहिलं गाणं म्हणजे आमची ओळख. बाबांच्या चालीचं. पस्तीस-एक वर्षांपूर्वी त्याची कॅसेट निघाली, ती गाजली, आणि त्या एका चालीवर हा ऑर्केस्ट्रा उभा राहिला. ते गाणं सुरू झालं की बाबांच्या अर्धमेल्या चेहऱ्यात जीव यायचा. एवढंच एक सुख त्यांना उरलं होतं. बाई उशिरा येतात त्या बसमुळे, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग तो रविवार आला. कीबोर्डवर नवा मुलगा आला होता, त्याला ते गाणं शिकवत होतो. प्रॅक्टिसच्या मध्येच. आणि गाळ्याच्या दारात बाई उभ्या. त्या जागच्या हलेनात. गाणं संपलं तसा रफिकभाई मस्करीत म्हणाला, "काय बाई, आज इन्स्पेक्शन नाही? विचारा ना, चाल कोणाची?"

मी आपला हसत म्हणालो, "बाबांची."

आम्ही "खोटं"ची वाट बघितली. बाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्यापुढे चहा आला. त्यांनी ग्लास उजेडाकडे धरला नाही. तसाच खाली ठेवला, "हं" म्हणाल्या आणि निघून गेल्या.

"भावा," रफिकभाई हळूच म्हणाला, "ये कुछ ठीक नाही वाटलं."

त्या क्षणापासून मला भीतीने धरलं. साधीसुधी नाही. कंपनीत पार्ट तपासताना हात थांबायचा आणि वाटायचं, बाईंना काहीतरी माहीत आहे. जी बाई भाजीवालीच्या चालीसाठी आठशे माणसांत ओरडते, ती आमच्या चालीवर गप्प का? पुढच्या प्रत्येक कार्यक्रमात मी पहिलं गाणं जाहीर करताना मांडवाच्या तोंडाकडे बघायचो. आज त्या आत आल्या तर? आज बाबांच्या समोर उभ्या राहून ओरडल्या तर? झोप उडाली. बायको म्हणाली, डॉक्टरला दाखव. मी काय दाखवणार होतो?

चार महिने काढले आणि शेवटी पुनावळ्याला गेलो. बाई तिथे मुलाच्या फ्लॅटमध्ये अकराव्या मजल्यावर राहत. आत गेल्या गेल्या मी म्हणालो, "बाई, पाया पडतो. बाबांना आता एवढंच आहे. काही असेल तर त्यांच्या देखत बोलू नका."

बाईंनी दार लावलं. सून आत होती. त्या गॅलरीत जाऊन बसल्या आणि खालच्या आवाजात बोलायला लागल्या. मी त्यांना इतक्या खालच्या आवाजात बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

"चेकिंगला माझ्या शेजारी द्वारका बसायची. सुपरवायझर पाठमोरा झाला का गायची. ती चाल तिची."

"शक्यच नाही," मी म्हणालो.

"तुला खरं वाटत नसंल तर सांगते. पहिली ओळ संपली का तुमचा ढोलकीवाला तिथं दोन मात्रा तोडा वाजवतो ना? तिथं काय बी नव्हतं. रिकामी जागा होती. बाटली उलटी केली का आमी गप व्हायचो. आत बघायचो. बाटली ठेवली का पुढची ओळ. तिची चाल त्या बाटलीवर बसलेली."

मला ती जागा माहीत होती. लहानपणापासून मला वाटायचं की तिथे गाणं अडखळतं आणि ढोलकी ते सावरून घेते. बाबांना एकदा विचारलंही होतं, तर ते चिडले होते.

"तुज्या वडलांनी, आमच्या मास्तरांनी, कँटीनमधी तिच्याकडनं ऐकली, बसवून घेतली. ती हसली. घ्या म्हणाली, मला काय करायची. मंग नवऱ्यासंगं परभणीकडं गेली, तिथंच वारली. आमी कॅसेटीला पुण्याला गेलो. मी कोरसला होते. रेकॉर्डिंगवाल्यानं विचारलं, चाल कोणाची? मास्तर म्हणाले, माझीच. आन् माझ्याकडं बघितलं."

"मग?"

"मग काय. मी गप बसले." बाईंनी गॅलरीतून खाली रस्त्याकडे बघितलं. "का, ते इचारू नगंस. तेवढ्या एका टायमाला गप बसले, म्हणून बाकी सगळीकडं वरडत फिरते. पर त्या गाण्यापुढं माझी वाचाच बसती. मी न्हाई सांगणार. तू सांग. तुझ्या हातात माइक हाय."

मी तिथून अक्षरशः पळालो. आलो होतो भीती उतरवायला, आणि बाईंनी त्यांचीही माझ्या खांद्यावर टाकली.

दोन दिवसांनी बाबांना भरवताना मी धीर करून विचारलं, "बाबा, द्वारकाबाई कोण?"

चमचा त्यांच्या ओठापाशीच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या डोळ्यांत मला जे दिसलं ते मी कधी विसरणार नाही. माझे वडील घाबरले होते. टाइम ऑफिसचा माणूस, ज्याच्या खिडकीपुढे अख्खी शिफ्ट मान खाली घालून उभी राहायची, तो घाबरला होता. मग एकदम मला त्या खुर्चीचा उलगडा झाला. तो मान नव्हता. पस्तीस वर्षं प्रत्येक कार्यक्रमात, बाई कुठे बसल्यात हे बाबांना कळायला हवं होतं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दिवशी जेवले नाहीत.

मी ठरवून टाकलं, विषय बंद. म्हातारा माणूस, किती दिवस राहिलेत. त्यांच्या माघारी बघू.

पुढच्या, देहूरोडच्या कार्यक्रमाला बाबांना नेलं नाही तर बरं, असं मी म्हणत होतो. त्यांनी डाव्या हाताने व्हीलचेअरचा दांडा धरून ठेवला, सोडेचनात. नेलं. पहिल्या रांगेत बसवलं. संध्याकाळ होती, उजेड होता अजून, पोरं मांडवात पळत होती. मी माइक हातात घेतला आणि समोर बघितलं.

बाई आल्या होत्या. वेळेवर. पहिल्या गाण्याआधी. सगळ्यात मागे, खांबाला धरून उभ्या होत्या. लांबूनसुद्धा कळत होतं की त्या खांबाला टेकलेल्या नाहीत, त्याला घट्ट धरून आहेत.

माझ्या कागदावर लिहिलेलं होतं, चाल आणि संगीत, त्यापुढे बाबांचं नाव. पाठ असलेलं वाक्य. मी सुरुवात केली आणि मध्येच थांबलो. बाबांकडे बघवेना, बाईंकडे बघवेना. मागून रफिकभाई पुटपुटला, "बोल ना राव." तेव्हा एक सोपी पळवाट सुचली. पारंपरिक म्हणावं. कुणाचंच नाव नको. तो शब्द अगदी दातांपर्यंत आला. आणि तो उच्चारायची मला इतकी लाज वाटली की भीती क्षणभर मागे पडली.

"चाल," मी म्हणालो, "द्वारकाबाईंची. पिंपरीच्या कंपनीत बाटल्या तपासायच्या त्या. संगीत संयोजन, आमचे बाबा." आणि मागे वळून रफिकभाईला सांगितलं, "पहिल्या ओळीनंतर वाजवू नकोस. थांब."

"पागल झाला काय?"

"थांब फक्त."

काय झालं असेल? काही नाही. एक पोरगं खुर्चीवरून पडलं, त्याची आई धावली. वडापाववाल्याच्या स्टोव्हचा आवाज येत होता. ज्या वाक्यासाठी मी कित्येक महिने कणाकणाने मरत होतो, ते आठशे माणसांच्या कानांवरून सहज निघून गेलं. मग गाणं सुरू झालं, पहिली ओळ संपली, आणि ढोलकी थांबली. स्टेजवर दोन मात्रांची शांतता किती लांब असते हे ऑर्केस्ट्रावाल्यालाच कळेल. साउंडवाला दचकून वायर तपासायला उठला. दुसरी ओळ आली तेव्हा रफिकभाईच्या कपाळावर घाम होता, आणि गाणं पहिल्यांदाच अडखळलं नाही.

बाबांकडे मी गाणं संपल्यावर पाहिलं. ते डोळे मिटून बसले होते. झोपलेत की काय, कळेना. मला वाटलं, मी त्यांना मारलं.

बाई तरातरा स्टेजमागे आल्या. मला वाटलं, आता पाठीवर हात ठेवतील. त्यांनी माझं मनगट पकडलं.

"आडनाव का न्हाई घेतलंस?"

"बाई, मला माहीत नाही. तुम्हीच सांगितलं नाहीत."

हाताची पकड सैल झाली. "मला बी न्हाई माहीत," त्या म्हणाल्या. "सात वर्सं शेजारी बसले रे. द्वारका, द्वारका म्हणत राहिले. कदी इचारलंच न्हाई." आणि रडायला लागल्या. चौदा बायकांची नावं त्यांनी सगळ्यांकडून घोकून घेतली होती, आणि जिच्यामुळे हे सगळं सुरू झालं, तिचंच नाव त्यांच्याकडे अर्धं होतं. मी त्यांना रिक्षात बसवून दिलं. त्या वाटेत पडतील, अशी मला धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांच्या खोलीत जायला धजत नव्हतो. ते जागेच होते. माझ्याकडे बघून त्यांनी डावा हात हवेत हलवला. पाणी? नको. औषध? नको. पेन. मी पेन दिलं, पाठीमागे उशी लावली, मांडीवर पाट ठेवला. डाव्या हाताने त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. एकेक अक्षर काढायला मिनिटमिनिट लागत होतं, आणि मध्येच पेन घसरायचं. मी मदत करायला गेलो तर त्यांनी गुरगुरून मला दूर केलं. अर्ध्या तासाने त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

द्वारका भागाजी ओव्हाळ. आणि खाली तिचा कंपनीतला टोकन नंबर.

टाइम ऑफिसच्या माणसाला सगळ्यांची पूर्ण नावं पाठ असतात. पण ती बाई कंपनी सोडून गेल्याला पस्तीस वर्षं झाली होती. बाबा कधीकधी मलाही ओळखत नसत. हे मात्र त्यांनी नंबरासकट जपलं होतं. मी त्यांचा हात धरला. तो गार पडला होता. त्यांचं काय चुकलं आणि किती, ते मला तेव्हा मोजता आलं नाही. आजही येत नाही. फक्त वाटलं, या माणसाने हे ओझं एकट्याने किती वर्षं वाहिलं.

कंपनीला दांडी मारून मी तो कागद घेऊन पुनावळ्याला गेलो. बाईंनी चष्मा लावला. कागद वाचला. बोटाने अक्षरांवरून फिरवत पुन्हा वाचला.

"हे मास्तरांनी लिव्हलं?"

"हो."

"त्यांना माहीत होतं?"

"सगळं. बाई, एक सांगू? ते तुम्हाला फार घाबरायचे. तुम्ही कुठे बसलाय ते बघितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. कधीतरी तुम्ही उठून बोलाल, याच धाकात राहिले."

बाईंनी चष्मा काढला.

"मला?" त्या म्हणाल्या. "अरे, मी टेंपररी होते तवा. माझं हजेरीचं कार्ड त्यांच्या हातात असायचं. त्यांनी स्टुडिओत माझ्याकडं बघितलं, तर मला वाटलं, हा मानूस आता मला कामावरनं काढणार. पोरगं अंगावर पीत होतं माझं. मी त्यांना भिऊन गप बसले रे."